काळीवरचे घर

वऱ्हाडातील जुन्या गावांत जमिनीला दोन नावे होती. पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. हा भेद केवळ महसुलाच्या सोयीसाठी नव्हता. पांढरीची माती फिकट, राखेसारखी भुरकी. तिच्या भिंती उभ्या राहत, तिचे माळवद होई आणि पावसाळ्यात ती फारशी फुगत नसे. पेठेतील आपले जुने वाडे याच पांढरीवर उभे राहिले. मुरूम लागेपर्यंत पाया खोदायचा, जोते दगडाचे करायचे, त्यावर लाकडी खांबांचे खण उभारायचे आणि भिंती मातीच्या गाऱ्यात रचायच्या, अशी ती पद्धत होती. जमीन थोडी हलली तरी खांब आणि तुळया ती हालचाल सोसून घेत. भिंतीला पडलेली चीर पुढच्या सारवणात बुजून जाई.

आता पेठ अपुरी पडते. कुटुंबे वाढली, गाड्या आल्या, मालाच्या थप्प्या घरात मावेनाशा झाल्या. म्हणून खामगाव, मलकापूर, नांदुरा, चिखली, मेहकर अशा कोणत्याही शहराच्या कडेला जाऊन पाहावे, परवापर्यंत जेथे कपाशी उभी होती तेथे आज काँक्रीटचे कॉलम उभे आहेत. अकृषक परवानगीने सातबारावरील नोंद बदलते, माती मात्र काळीच राहते. घर बांधून दोन-तीन पावसाळे होतात न होतात तोच खिडकीच्या कोपऱ्यातून एक तिरपी भेग निघते. पर्युषणाच्या सुमारास देवघराचे दार अडू लागते आणि अक्षय्य तृतीयेच्या आसपास तेच दार आपोआप सैल होते. आयुष्यभराच्या बचतीतून उभ्या केलेल्या वास्तूत हे दिसू लागले, की घरातल्या कर्त्या माणसाची झोप उडते. या अंकात याच विषयाचा विचार करू.

काळी माती म्हणजे आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणाचा झिजून झालेला चुरा. त्यात माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. फ्रान्समधील माँटमोरिलाँ या गावावरून त्याला हे नाव मिळाले. या खनिजाचे कण अतिशय पातळ पापुद्र्यांचे असतात. पापुद्र्यांच्या मध्ये पाणी शिरले की ते एकमेकांपासून दूर सरतात व माती फुगते. पाणी गेले की ते जवळ येतात व माती आकसते. वैशाखात शेतात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात, त्या यामुळेच. वरची कोरडी ढेकळे त्या भेगांत पडतात आणि पावसाळ्यात माती पुन्हा मिटते, म्हणजे ही जमीन स्वतःच स्वतःला नांगरते. कापसाला हा गुण मानवतो. घराला तो मानवत नाही.

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न सर्वत्र सारखा नाही. घाटावर, म्हणजे बुलढाणा, चिखली, देऊळगाव राजा या बाजूला, उंचवट्याच्या जागी थोडे खणले की मुरूम लागतो. तेथे पाया त्यावर टेकवला की बरीचशी चिंता मिटते. मात्र नदी-नाल्यांच्या काठी घाटावरही काळीचा थर जाड असतो. घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यात, गोष्ट निराळी आहे. तेथे नदीने आणलेल्या गाळाची जाडी शेकडो फूट आहे. शेगाव, संग्रामपूरकडच्या खारपाणपट्ट्यात मुरूम लागेपर्यंत खोदा असे गवंड्याला सांगणे म्हणजे त्याला विहीर खणायला सांगणे होय.

घराला खरा धोका फुगण्यापेक्षा असमान फुगण्याचा असतो. घराच्या मध्यभागाखालची माती छपराखाली, फरशीखाली झाकलेली राहते. तिची ओल सहसा उडत नाही. कडेची माती मात्र पावसाळ्यात भिजते व उन्हाळ्यात तडकते. मधला भाग स्थिर आणि कडा वर-खाली, अशी ही ओढाताण दरवर्षी चालते. येथे एक गोष्ट सामान्य समजुतीच्या उलट आहे. मोठ्या, जड इमारतीपेक्षा एकमजली हलके बांधकाम अधिक तडकते, कारण फुगणाऱ्या मातीला दाबून धरण्याइतके वजन त्याच्यात नसते. कुंपणाची भिंत, पोर्च, बाहेरचे न्हाणीघर ही सर्वांत आधी फाटतात. गोदामातही हेच दिसते. पोत्यांच्या थप्पीखालची फरशी जागेवर राहते आणि मधली मोकळी वाट वर येते.

हे दुखणे एकट्या वऱ्हाडाचे नाही. अमेरिकेत १९७३ साली जोन्स आणि होल्ट्झ या दोन अभियंत्यांनी असा अंदाज मांडला, की फुगणाऱ्या मातीमुळे त्या देशात वर्षाला सुमारे २३० कोटी डॉलरचे नुकसान होते आणि ते पूर, चक्रीवादळे व भूकंप यांच्या एकत्रित नुकसानीहूनही अधिक आहे. टेक्सासमधील डॅलसच्या परिसरात लोक उन्हाळ्यात घराच्या पायाभोवती झिरपणाऱ्या नळ्या टाकून माती ओली ठेवतात. आपल्याकडे जेथे नळाला रोज पाणी येत नाही, तेथे पायाला पाणी पाजण्याचा उपाय कोणी सुचवू नये. पण त्यामागचे तत्त्व ध्यानात घ्यावे. माती ओली असो वा कोरडी, ती वर्षभर शक्य तितकी एकसारखी असावी.

भेग दिसली की पहिला संशय माणसावर जातो. ठेकेदाराने सिमेंट खाल्ले, सळई बारीक घातली, असे बोलले जाते. कधी ते खरे असते. परंतु उत्तम सिमेंट आणि जाड सळई वापरूनही उथळ पाया काळीवर टेकवला, तर घर तडकणारच. ठेकेदाराचा खरा दोष बहुधा दुसरीकडेच असतो: पायातून निघालेली काळी मातीच त्याने जोत्याच्या भरावात परत लोटलेली असते. मुरमाच्या चार ट्रिपा वाचतात आणि मालकाच्या फरशीखाली कायमचे दुखणे बसते. दुसरा संशय वास्तुदोषावर जातो. श्रद्धेविषयी आम्हांस काही म्हणायचे नाही, पण दोष घालवण्यासाठी आधीच फाटलेल्या भिंतीत नवे दार पाडणे हे भिंतीला अधिक दुबळे करणे आहे, एवढे अवश्य सांगावेसे वाटते. तिसरा संशय शेजाऱ्यावर. त्याच्या शोषखड्ड्याचे पाणी आपल्या पायाखाली येते म्हणून बोलचाल बंद झालेली घरे कमी नसतील. तो संशय कधीकधी रास्तही असतो. मात्र आपल्याच न्हाणीघराची मोरी आधी तपासावी.

आपण व्यापारी माणसे. हिशोब लिहून ठेवल्याशिवाय आपला व्यवहार होत नाही. भेगेचाही हिशोब ठेवावा. भेगेच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहावी. मध्यावर दोन्ही बाजूंना खूण करून रुंदी मोजावी. भेगेवर आडवी काचेची पट्टी प्लास्टरने चिकटवली, तर हालचाल होताच ती फुटते. एक पूर्ण वर्ष, म्हणजे एक पावसाळा आणि एक उन्हाळा, या नोंदी ठेवाव्यात. जी भेग उघडते व मिटते ती मातीच्या श्वासाबरोबर चालली आहे. जी केवळ वाढतच जाते, तिच्यासाठी वर्ष संपण्याची वाट न पाहता स्थापत्य अभियंत्याला बोलवावे. भेगेचा आकारही बोलतो. ती वर रुंद आणि खाली निमुळती असेल, तर सहसा घराची कड खाली बसली आहे किंवा मध्य वर आला आहे असे समजावे. उलट असेल तर मध्य खचला आहे किंवा कडा उचलल्या आहेत. प्लास्टरवर जाळ्यासारख्या पसरलेल्या केसाएवढ्या चिरा निराळ्या. त्या प्लास्टर सुकण्याच्या असतात आणि त्यांची चिंता नको.

दुरुस्तीचा आरंभ भिंतीपासून करू नये, पाण्यापासून करावा. गच्चीच्या पन्हाळीचे पाणी नेमके कोपऱ्याच्या पायाशी पडते, असे कितीतरी घरांत दिसते. ते पाइपने खाली आणून घरापासून दूर सोडावे. घराभोवती चार-पाच फूट रुंद फरशीची पट्टी करून तिला बाहेरच्या बाजूस उतार द्यावा. तिच्यामुळे कडेची माती भिजणे आणि सुकणे दोन्ही कमी होते. शोषखड्डा पायाजवळ असेल तर हलवावा, जमिनीखालची गळकी नळी शोधून बदलावी. भिंतीला खेटून केलेली फुलझाडांची वाफरी दिसायला सुंदर, पण तिला रोज घातलेले पाणी थेट पायाखाली जाते. मोठ्या झाडाचे काम याच्या उलट असते. ते उन्हाळ्यात मुळांनी ओल ओढून माती अधिक आकसवते. तरीही जुने झाड घाईने तोडू नये. ते गेल्यावर त्याने वर्षानुवर्षे कोरडी ठेवलेली माती पुन्हा पाणी पिऊन फुगते, आणि आजवर न हललेला कोपरा वर उचलला जातो. नवे झाड लावताना मात्र ते पूर्ण वाढल्यावर जितके उंच होईल, निदान तितके दूर लावावे.

एवढे करून एक पावसाळा जाऊ द्यावा. अनेक घरे येथेच थांबतात. त्यानंतर भेग खरवडून, जाळी ठोकून, लवचीक मसाल्याने भरावी. चालत्या भेगेत कडक सिमेंट भरले तर पुढच्या वर्षी तिच्याच शेजारी दुसरी उघडते आणि रंगाऱ्याचे बिल पुन्हा येते.

घर तरीही हलतच राहिले, तर पाया खोल न्यावा लागतो. हे काम खर्चाचे व जोखमीचे आहे. पायाखाली सुमारे मीटरभर लांबीचे टप्पे एकाआड एक उघडून, प्रत्येकात खालून नवे काँक्रीट भरून, ते पक्के झाल्यावरच मधले टप्पे उघडायचे असतात. एका दमात संपूर्ण भिंतीखाली चर खणणारा मिस्त्री कितीही अनुभवी म्हणवत असला, तरी त्याला थांबवावे. अभियंत्याचा आराखडा आणि देखरेख यांवाचून हे काम कोणी करू नये.

ज्यांना अजून बांधायचे आहे, त्यांच्या हाती सर्वांत स्वस्त उपाय आहे, तो म्हणजे मातीची परीक्षा. तिचा एक भाग फार सोपा आहे. वाळवून बारीक चाळलेली १० ग्रॅम माती दोन मापनळ्यांत घेतात. एकीत रॉकेल व दुसरीत शुद्ध पाणी ओतून २४ तास ठेवतात. रॉकेलात ही माती फुगत नाही, पाण्यात फुगते. रॉकेलात ती १० मिलिलिटर भरली आणि पाण्यात १८, तर तिचा फुगवटा ८० टक्के झाला. ५० टक्क्यांच्या वर आकडा गेला की साध्या उथळ पायाचा विचार सोडून द्यावा. नमुना मात्र वरच्या थराचा न देता पाया जेथे टेकणार त्या खोलीचा द्यावा. स्थापत्य अभियांत्रिकी शिकवणाऱ्या महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत ही आणि सोबतच्या इतर चाचण्या होतात.

पुढचा मार्ग आपल्याच देशात शोधला गेला आहे. रुरकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा मातीसाठी तळाशी घंटेसारखा फुगवटा असलेले खांब विकसित केले. जमिनीत गोल भोक पाडायचे, खाली ते साधारण अडीचपट रुंद करायचे आणि सळई घालून काँक्रीट भरायचे. ऋतूप्रमाणे ओल बदलते ती वरच्या थरात, म्हणून भारतीय मानकाने खोल काळीत या खांबांची लांबी किमान ३.५ मीटर ठेवली आहे. त्यांवरची तुळई जमिनीपासून ८० मिलिमीटर उचललेली असते, म्हणजे माती फुगली तरी तिला वर येण्यास जागा राहते. ही भोके हाताने चालणाऱ्या अवजारानेही पाडता येतात. दुसरा मार्ग मुंबईच्या आयआयटीतील प्राध्यापक आर. के. कट्टी यांच्या संशोधनातून आला. काळीवर मुरमासारख्या चिकट पण न फुगणाऱ्या मातीचा पुरेसा जाड थर दाबून बसवला, तर खालच्या मातीचे फुगणे आवरते. कालव्यांच्या अस्तरासाठी हा उपाय प्रथम नावारूपास आला. गोदामाच्या फरशीसाठी तो आम्हांस विशेष उपयोगी वाटतो. पायाखाली नुसती वाळू पसरण्याची पद्धत मात्र फसवी आहे. चिकणमातीच्या खड्ड्यातील वाळू म्हणजे पाण्याचा हौद.

आता कागदपत्रांविषयी थोडे. 'भारत गृह रक्षा' या घरविम्यात जमीन खचण्याचे संरक्षण आहे, तथापि नव्या बांधकामाचे नेहमीचे बसणे व तडकणे, भरावाची हालचाल आणि सदोष रचना त्यातून वगळलेली आहेत. विमा आहे म्हणून निर्धास्त राहू नये. रेरा कायदा, २०१६ प्रमाणे नोंदणीकृत प्रकल्पातील घरात ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत रचनेचा दोष आढळला, तर विकासकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यावयाचा असतो. स्वतः प्लॉट घेऊन मजुरी-ठेक्यावर बांधलेल्या घराला हे लागू होत नाही. तेथे आपला करारनामाच कामास येतो, म्हणून पायाची खोली आणि भरावाला मुरूम किती ब्रास, हे त्यात लिहून घ्यावे.

आणि घर विकायचे असेल तेव्हा? भेगा बुजवून, रंग देऊन, उन्हाळ्याआधी सौदा उरकण्याचा सल्ला देणारे दलाल भेटतात. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे, विक्रेत्याला ठाऊक असलेला आणि खरेदीदाराला साधारण काळजीने न दिसणारा मोठा दोष सांगणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. भावाभावांच्या वाटणीत तर हा प्रश्न अधिक नाजूक होतो, कारण एकाच्या वाट्याला दुकान जाते आणि दुसऱ्याच्या वाट्याला घर. वाटणीपूर्वी भेगेच्या नोंदींची ती वही दोघांसमोर ठेवावी आणि दुरुस्तीचा अंदाजे खर्च त्या घराच्या किमतीतून वजा करूनच हिशोब मांडावा.