अंथरुणाला खिळलेल्या ज्येष्ठांसाठी छोटे निवासी घर : बळ कुठे, धोका कुठे?

बहुतेक वृद्धाश्रमांत प्रवेशासाठी एक अट असते : येणारी व्यक्ती स्वतःची कामे स्वतः करणारी असावी. पक्षाघाताने एक बाजू गेलेले आजोबा या अटीत बसत नाहीत. खुब्याचे हाड मोडल्यापासून खाटेवर असलेल्या आजी बसत नाहीत. स्मृतिभ्रंशामुळे रात्री दार उघडून बाहेर पडणारे निवृत्त गुरुजी तर मुळीच बसत नाहीत. दवाखानाही त्यांना फार दिवस ठेवून घेत नाही, कारण तिथले उपचार संपलेले असतात. ज्यांना आधाराची सर्वांत जास्त गरज, त्यांच्यासाठीच दार बंद, अशी ही अवस्था आहे.

या मधल्या जागेत दहा-बारा जणांचे छोटे निवासी घर हा पर्याय येतो. शहरात त्याला असिस्टेड लिव्हिंग म्हणतात. तो दवाखाना नाही आणि नेहमीचा वृद्धाश्रमही नाही. अंघोळ, कपडे, शौच, जेवण, चालणे आणि औषधे या रोजच्या कामांत हात देणारे माणूस तिथे चोवीस तास हजर असावे, एवढी त्याची व्याख्या. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात अशी घरे हवीत का, आणि हवी असतील तर समाजाने त्यांच्याकडे कसे पाहावे, याचा विचार आम्ही येथे करत आहोत. आमचे मत आधीच सांगतो : अशी घरे हवीत, पण ती एका भल्या माणसाच्या भरवशावर सोडून चालणार नाहीत.

घरातला सांभाळ का मोडतो?

२०११ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजार होती आणि त्यात बौद्धांचे प्रमाण सुमारे १४ टक्के होते. घाटावर असो की घाटाखाली, आपल्या वस्त्यांमधील बरीच कुटुंबे शेतमजुरीवर किंवा एक-दोन एकर कोरडवाहू जमिनीवर जगतात. शिकलेली मुले पुणे, मुंबई, छत्रपती संभाजीनगरला गेली. न शिकलेली सुरतला किंवा बांधकामावर गेली. गावात उरले म्हातारे आई-वडील, आणि जिथे एखादा मुलगा गावात राहिला तिथे सून. ती मजुरीला गेली तर सासूजवळ कोणी नाही, आणि सासूजवळ बसली तर त्या दिवसाची मजुरी बुडते. वृद्धांच्या सांभाळावर बोलताना आपण मुलांच्या संस्कारांवर भाषणे देतो. प्रत्यक्षात हा भार कोणाच्या पाठीवर आहे, हे सुनेला विचारले तर लगेच कळते.

सरकारी योजना आहेत. श्रावणबाळ आणि संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान २०२३ मध्ये एक हजारावरून दीड हजार रुपये झाले. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना आयुष्मान भारतमधून वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळाले. मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून चष्मा, काठी, श्रवणयंत्र अशा साधनांसाठी एकदा ३ हजार रुपये मिळतात. बुलढाण्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आले आहे. या सगळ्याचे मोल आहे. पण आयुष्मान कार्ड दवाखान्यात भरती झाल्यावर चालते. रात्री दोन वाजता म्हाताऱ्या माणसाला उचलून संडासला नेणाऱ्या हाताचा पगार कोणत्याही योजनेत नाही.

छोट्या घराचे बळ

छोट्या घराचे पहिले बळ म्हणजे ओळख. शंभर खाटांच्या संस्थेत माणूस खाटेच्या क्रमांकाने ओळखला जातो. दहा जणांच्या घरात स्वयंपाक करणाऱ्या बाईला माहीत असते की कोणाला भाकरी दुधात कुस्करून लागते आणि कोणाला पिठल्यात मीठ कमी हवे. आज एखाद्याने अर्धेच ताट संपवले, तर ते त्याच दिवशी लक्षात येते. म्हाताऱ्यांच्या बाबतीत अनेक आजारांची पहिली खूण अशीच असते : जेवण कमी होणे, बोलणे तुटणे, सुस्ती येणे.

दुसरे बळ जवळ असण्याचे. मेहकरच्या माणसाला मेहकरातच घर मिळाले तर नातवंडे बाजाराच्या दिवशी भेटून जातात. वऱ्हाडी बोली तीच राहते. पुण्यातल्या चकचकीत केंद्रात हे मिळत नाही.

तिसरे बळ संसर्गाच्या वेळी दिसते. अमेरिकेत मिसिसिपी राज्यातील टुपेलो येथे २००३ मध्ये डॉ. बिल थॉमस यांच्या कल्पनेतून ‘ग्रीन हाऊस’ नावाची घरे सुरू झाली. एका घरात दहा-बारा वृद्ध, प्रत्येकाला स्वतंत्र खोली, एक स्वयंपाकघर आणि एकच जेवणाचे टेबल. कोविडच्या पहिल्या वर्षी या घरांत संसर्ग आणि मृत्यूंचे प्रमाण मोठ्या नर्सिंग होमपेक्षा कमी आढळले. आपल्याकडे नोव्हेंबर २०२१ मध्ये ठाणे जिल्ह्यातील खडवलीजवळच्या मातोश्री वृद्धाश्रमात एकाच वेळी ६० हून अधिक ज्येष्ठ कोविडबाधित निघाले होते. मोठ्या छताखाली आजार किती वेगाने फिरतो, हे त्यातून दिसले. मात्र एका खोलीत सहा खाटा लावल्या, तर लहान घराचा हा फायदा उरत नाही.

धोके कुठे आहेत?

आधी साधा हिशेब करू. आठवड्याचे तास १६८. एक कामगार आठवड्याला ४८ तास काम करतो. म्हणजे घरात सतत एक माणूस जागा ठेवायचा तर साडेतीन माणसे लागतात, आणि सुट्ट्या-आजारपण धरले तर चार. समजा, प्रत्येकाला महिना १० हजार रुपये दिले, तर ४० हजार झाले. दहा रहिवाशांत वाटले की माणशी ४ हजार. यात अन्न, औषधे, डायपर, वीज आणि घरभाडे अजून आलेले नाही. दुसऱ्या बाजूला निराधार अनुदान दीड हजार. ही तूट भरण्याचे तीनच मार्ग उरतात : कुटुंबाकडून जास्त पैसे घेणे, देणग्या मिळवणे किंवा माणसे कमी करणे. तिसरा मार्ग बाहेरून दिसत नाही. म्हणून तोच सर्वांत धोक्याचा. एकच बाई दिवसा स्वयंपाक करते आणि रात्रीही तिथेच झोपते, तेव्हा कागदावर ‘२४ तास सेवा’ असते, पण रात्री हाक ऐकणारे कोणी नसते.

दुसरा धोका म्हणजे सगळे एकाच माणसावर टेकलेले असणे. आपल्या जिल्ह्यात चिखली तालुक्यातील पळसखेड सपकाळ येथे नंदकुमार आणि आरती पालवे या दांपत्याचे सेवासंकल्प प्रतिष्ठान आहे. रस्त्यावर बेवारस फिरणाऱ्या मनोरुग्णांना आणून सांभाळण्याचे त्यांचे काम राज्याला माहीत आहे. ते वृद्धांचे निवासी घर नाही, पण एक गोष्ट त्यातून शिकता येते : जिथे यंत्रणा पोहोचत नाही, तिथे एखादे कुटुंब स्वतःला झोकून देते तेव्हा काम उभे राहते. अशा कोणत्याही कामापुढे प्रश्न पुढचा असतो. संस्थापक आजारी पडला तर? देणगी सहा महिने आटली तर? हा प्रश्न त्या कुटुंबाने एकट्याने सोडवायचा नाही. तो जिल्ह्याने आणि समाजाने सोडवायचा आहे.

तिसरा धोका बंद दाराचा. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे एका खासगी निवासाला आग लागली आणि साखळदंडाने बांधलेले २८ मनोरुग्ण होरपळून मेले. त्यांना पळता आले नाही. बाहेरून नियमित पाहणारे कोणी असते, तर त्या साखळ्या आधीच दिसल्या असत्या. आज मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार माणसाला साखळीने बांधणे बेकायदेशीर आहे आणि मनोरुग्णांना ठेवणाऱ्या आस्थापनेला नोंदणी बंधनकारक आहे. पण स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला ‘पडू नये म्हणून’ खाटेला ओढणीने बांधणे, शांत राहावा म्हणून झोपेची गोळी वाढवणे, हे आजही सांभाळाच्या नावाखाली होऊ शकते.

कायद्याची जाळी मोठ्या माशांची

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण कायदा २००७ मध्ये आला. त्याच्या कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी किमान १५० जणांचे एक वृद्धाश्रम स्थापन करण्याची तरतूद आहे. महाराष्ट्रात मातोश्री वृद्धाश्रम योजना तर १९९५ पासूनची. केंद्राचे अनुदान साधारणपणे २५ किंवा ५० ज्येष्ठांच्या निवासाला धरून ठरते. १३ डिसेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अश्वनीकुमार यांच्या याचिकेवर निकाल देताना जिल्हानिहाय वृद्धाश्रमांची माहिती गोळा करण्याचे निर्देश दिले. या सगळ्या मोजणीत दहा-बारा जणांचे घर कुठे बसते? धर्मादाय आयुक्तांकडे न्यास म्हणून नोंद झाली, तरी ती हिशेबाची नोंद असते. रात्री किती माणसे कामावर होती, हे ती विचारत नाही.

ही उणीव दूर करणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. ज्येष्ठांच्या निवासांना आणि घरी सेवा देणाऱ्या संस्थांना नोंदणी व किमान मानके लावण्याची तरतूद त्यात होती. ते स्थायी समितीकडे गेले, अहवाल आला, पण मंजुरी मिळाली नाही. २०२४ मध्ये लोकसभेबरोबर ते विधेयकही बाद झाले. या मागणीसाठी एकही मोठा मोर्चा निघाल्याचे आम्हाला आठवत नाही. म्हाताऱ्यांचा प्रश्न आपण अजूनही घरगुती मानतो.

करुणेला व्यवस्थेची जोड

विनयपिटकातील महावग्गात अतिसाराने आजारी पडलेल्या भिक्खूची कथा आहे. तो स्वतःच्याच घाणीत पडून होता आणि इतर भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला धुऊन खाटेवर निजवले. ही कथा आपण विहारात नेहमी सांगतो, पण बहुतेकदा इथेच थांबतो. पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. तथागतांनी संघाला बोलावले आणि आजारी भिक्खूची सेवा क्रमाने कोणी करायची हे ठरवून दिले. कोणीच नसेल तर ती संघाची जबाबदारी. सेवा करणाऱ्याचे पाच गुणही सांगितले : औषध देता यावे, रुग्णाला काय मानवते ते कळावे, लोभाने नव्हे तर मैत्रीने काम करावे, मलमूत्र-वांतीची किळस नसावी आणि धम्माच्या बोलण्याने धीर देता यावा. एका माणसाच्या करुणेवर न थांबता त्यांनी नियम घालून दिला. छोट्या घरांना आज नेमके हेच हवे आहे.

आणखी एक मुद्दा आपल्या समाजाने मोकळेपणाने बोलला पाहिजे. ज्या पिढीने पाणवठ्यावरचा अपमान भोगला, ती आज ऐंशीच्या घरात आहे. परक्या घरात आपले ताट वेगळे तर ठेवणार नाहीत ना, उशाशी बाबासाहेबांची तसबीर ठेवू देतील का, शेवटचा विधी बौद्ध पद्धतीने होईल का, हे प्रश्न तिच्या मनात असतात. बऱ्याचदा ती ते बोलत नाही. प्रवेशाच्या वेळी कुटुंबानेच ते विचारावेत आणि लेखी नोंदवून घ्यावेत.

समाज आणि कुटुंब काय करू शकते?

गावोगावी आपले विहार आहेत. प्रत्येक विहार समितीने वृद्धाश्रम काढावा, असे आम्ही म्हणत नाही. त्यापेक्षा सोपे आणि तातडीचे काम आहे : परिसरातील अशा घरांना भेट देणारे पाच-सहा जणांचे पथक. त्यात एक निवृत्त परिचारिका किंवा आशा सेविका, एक वकील आणि किमान दोन महिला असाव्यात. महिन्यातून एकदा, न सांगता, आणि शक्यतो संध्याकाळनंतर जावे. चालकाशी भांडायला नव्हे, त्याला साथ द्यायला जावे. चांगल्या चालकाला बाहेरची नजर नकोशी वाटत नाही, कारण अडचणीच्या वेळी तीच त्याची साक्षीदार असते.

कुटुंबाने प्रवेशाआधी या गोष्टी पाहाव्यात :

१. रात्री कोण जागे असते? त्या व्यक्तीला भेटा. फक्त संचालकांना भेटून परत येऊ नका.

२. संडास-बाथरूममध्ये धरायला दांड्या आहेत का, फरशी घसरडी आहे का, आग लागली तर खाटेवरच्या माणसाला कोणत्या दाराने बाहेर काढणार?

३. औषधांची वही आहे का? कोणती गोळी कोणी, किती वाजता दिली, याची नोंद दाखवतात का?

४. जवळचा दवाखाना कोणता, रात्री गाडी कोणाची, आणि निर्णयासाठी फोन कोणाला जाणार?

५. तब्येत आणखी बिघडली तर ठेवतील की परत पाठवतील? हे लेखी घ्या.

६. भेटीवर वेळेचे बंधन किती? रहिवाशाशी एकट्याने बोलू देतात का?

७. पैशाची पावती मिळते का? घर किंवा शेत कोणाच्याही नावे करण्याची घाई करू नका. करायचेच असेल तर बक्षीसपत्रात सांभाळाची अट स्पष्ट लिहा. अट मोडली तर २००७ च्या कायद्याच्या कलम २३ नुसार उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते.

तक्रार किंवा सल्ल्यासाठी ज्येष्ठ नागरिकांची १४५६७ ही हेल्पलाइन आहे. हा क्रमांक विहाराच्या फलकावर लिहून ठेवावा.

प्रशासनाकडे आमची मागणी तीन ओळींची आहे. दहा खाटांच्या घरापासून पुढे सर्व निवासांची जिल्हा समाजकल्याण कार्यालयात नोंद व्हावी. वर्षातून दोनदा आरोग्य विभागाने तपासणी करून अहवाल जाहीर करावा. आणि जे घर या तपासणीत उतरेल, त्याच्या रात्रपाळीच्या एका सेवकाचा पगार शासनाने द्यावा. शेवटची मागणी मान्य झाली तर पहिल्या दोन आपोआप सोप्या होतील, कारण तेव्हा छोटी घरे तपासणी टाळणार नाहीत, ती स्वतःहून मागतील.