खेळते भांडवल

निवृत्त बँक अधिकाऱ्याला गावोगावच्या शाळा पाहुणा म्हणून बोलावतात, त्याला दोन कारणे असतात. तो रिकामा असतो, आणि त्याच्या ओळखीने कुठून तरी देणगी येईल अशी आशा असते. त्यातून तो कादंबऱ्या लिहीत असेल तर भाषणही बरे होईल असा एक समज असतो. धाराशिव जिल्ह्यातल्या अशाच एका शाळेत मी गेल्या हिवाळ्यात गेलो होतो. शाल-श्रीफळ झाल्यावर मुख्याध्यापकांनी हौसेने विज्ञानाची खोली दाखवायला नेले. शिपायाला किल्ली सापडेपर्यंत दहा मिनिटे गेली. आत काचेच्या कपाटात थ्रीडी प्रिंटर होता, संगणकाला जोडायच्या पट्ट्या होत्या, इवल्याशा मोटारी होत्या. बऱ्याच वस्तूंवरचे प्लास्टिक अजून निघालेले नव्हते.

"मुले वापरतात ना?" मी विचारले.

"वापरतात सर, पण जपून. मोडले तर जडवस्तू नोंदवहीत काय लिहू?"

वाचकांनी हसू नये. पस्तीस वर्षे खातेवह्या पाहिलेला मी, मलाही त्या गृहस्थांच्या जागी हाच प्रश्न पडला असता. दहा लाखांची वस्तू नोंदवहीत आहे आणि कपाटातही आहे, म्हणजे हिशेब चोख. तीच वस्तू आठवीच्या पोराने उलगडून पाहिली, तिचे चार स्क्रू हरवले, की शिक्षण झाले. पण तपासणीला आलेल्या माणसाला ते दिसत नाही, त्याला स्क्रू दिसत नाहीत एवढेच दिसते.

बँकेच्या भाषेत सांगायचे तर मुलांना अभियांत्रिकीची गोडी लागावी म्हणून आपण जो पैसा देतो तो जवळजवळ सगळा मुदत कर्जासारखा देतो. यंत्र घ्या, बिल दाखवा, फीत कापा. त्या यंत्रावर रोज काम करायला जो पैसा लागतो, त्याला इंग्रजीत वर्किंग कॅपिटल म्हणतात. मराठीत मात्र त्याला फार सुंदर शब्द आहे. खेळते भांडवल. हा शब्द मी हजारो अर्जांवर लिहिला आणि त्यातला 'खेळते' मला कधी ऐकू आला नाही.

ऐकू यायला हवा होता तो १९९४ साली. आदल्या वर्षी ३० सप्टेंबरच्या पहाटे भूकंप झाला होता. लातूरचे किल्लारी सगळ्यांच्या लक्षात आहे, पण आमच्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातले सास्तूरही तसेच भुईसपाट झाले होते. माती-दगडाच्या जाड भिंती आणि त्यांवरचे मातीचे जड माळवद यांनीच झोपलेली माणसे मारली. घर कसे बांधावे हा प्रश्न इथल्या मुलांनी पुस्तकातून शिकलेला नाही, एवढे सांगून पुढे जातो. त्या दिवसांत शाखेत एक एकोणीस वर्षांचा मुलगा आला. बार्शीला एका मिस्त्रीच्या हाताखाली दोन वर्षे राहून मोटार रिवाइंडिंग शिकला होता. आमच्याकडे पाणी खोल आणि विजेचा दाब कमी, त्यामुळे बोअरच्या मोटारी सारख्या जळायच्या. जळालेली मोटार घेऊन शेतकरी तालुक्याला जाई आणि उभे पीक तोपर्यंत वाळून जाई. या मुलाला गावातच दुकान टाकायचे होते. गुंडाळणीचे यंत्र, थोडी अवजारे, आणि तांब्याची तार, वार्निश, इन्सुलेशनचा कागद. अर्धीअधिक रक्कम तारेचीच होती.

मी यंत्रापुरते मंजूर करायला तयार होतो. नियमात खेळते भांडवल बसत नव्हते असे नाही. बसवता आले असते. पण यंत्र जागेवर जाऊन पाहता येते, त्यावर बँकेच्या नावाची पाटी रंगवता येते. तार आज आहे आणि उद्या कुणाच्या तरी विहिरीत. मी तसे त्याला समजावून सांगितले.

"साहेब, तार नसल्यावर यंत्र घेऊन काय त्याची पूजा करू?" तो म्हणाला. आवाज अजिबात चढलेला नव्हता. अर्ज परत मागून घेतला, घडी केली, खिशात ठेवला. वर्षभराने कळले की तो भोसरीला एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागला आहे. त्या वर्षी माझ्या शाखेची वसुली उत्तम होती.

शाळेतल्या त्या कपाटापुढे उभा असताना मला हा मुलगा आठवला.

सरकार पैसा देत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब २०१६ पासून सुरू झाल्या. निवडलेल्या शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान, त्यात सुमारे दहा लाख साहित्य-उभारणीला आणि दहा लाख पाच वर्षांच्या चालू खर्चाला. म्हणजे योजना आखणाऱ्याला खेळते भांडवल ठाऊक होते, हे कबूल केले पाहिजे. पण मूळ नियमांत शाळेकडे दीड हजार चौरस फूट जागा असावी अशी अट होती. ज्या शाळेत दोन वर्ग एकाच खोलीत पाठीला पाठ लावून बसतात तिने अर्जच करायचा नाही. शिवाय पाच वर्षे संपल्यावर सोल्डरिंगची तार कोणी आणायची? २०२५ च्या अर्थसंकल्पात आणखी पन्नास हजार लॅबची घोषणा झाली. २०१८ साली देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत नाव आलेल्या आपल्या जिल्ह्याने त्यात आपला वाटा मागावा, पण मागताना सहाव्या वर्षाचेही विचारावे.

मला स्वतःला इन्स्पायर-मानक ही योजना अधिक आवडते, कारण तिथे पैसा मुलाच्या हाती पडतो. कल्पना निवडली गेली की नमुना बनवायला दहा हजार रुपये थेट विद्यार्थ्याच्या खात्यात. दहा वर्षांवरील मुलाला स्वतःच्या सहीने बचत खाते चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये बँकांना दिली, हे आमच्याच पेशातल्या पुष्कळांना माहीत नसते. मुलीने आपल्या सहीने पैसे काढून बाजारातून मोटार आणावी, तिला फसवले जावे, आणि पुढच्या वेळी तिने घासाघीस करावी, हा अभियांत्रिकीचाच धडा आहे.

कंपन्यांच्या सामाजिक निधीची गोष्ट वेगळी. २०१३ च्या कायद्याने मोठ्या कंपन्यांनी नफ्याचे दोन टक्के समाजकार्याला द्यायचे ठरले, आणि आपल्या कारखान्याच्या परिसराला प्राधान्य द्यावे असेही त्यात आहे. मग ज्या जिल्ह्यात कारखानेच कमी, तिथे ते दोन टक्के येणार कुठून? पाऊस जिथे पडतो तिथेच पुन्हा पडतो.

पैसा फार लागतो, हाही एक भ्रम आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधनाची नोकरी सोडून पुणे जिल्ह्यातल्या पाबळला गेले आणि १९८३ मध्ये विज्ञान आश्रम उभा केला. तिथून 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय शाळांत गेला. आठवड्यातला एक दिवस मुलांनी हातांनी काम करायचे. वेल्डिंग, वायरिंग, सुतारकाम, शेती. त्यातली मला सर्वांत शहाणपणाची वाटलेली गोष्ट अशी की मुलांनी गावाची खरी कामे घ्यायची आणि त्याचे पैसेही घ्यायचे. शाळेच्या फाटकाची जोडणी मुले करतात, कुणाच्या गोठ्यात दिवा लावून देतात, त्या पैशातून पुढचे लोखंड येते. ऑडिटरला हे कळते की नाही कोण जाणे, पण माझ्या लेखी हे निर्दोष कॅश क्रेडिट खाते आहे. पैसा जातो, फिरतो, परत येतो.

आणि काही गोष्टींना तर एसटीच्या भाड्यापलीकडे काही लागत नाही. नळदुर्गला शाळांच्या सहली जातात. मुले नर-मादीचा धबधबा पाहतात, फोटो काढतात, भेळ खातात. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बोरी नदीवर घातलेल्या त्या बंधाऱ्याच्या पोटात राहण्याजोगा महाल आहे, डोक्यावरून पूर जात असतानाही आतला माणूस कोरडा राहतो, हे मुलांना सांगितले जाते. ते कसे शक्य होते, पाणी नेमके कुठून वळवले, एवढा लोंढा अंगावर घेऊन भिंत चारशे वर्षे का टिकली, हे मात्र कुणी विचारत नाही. एखाद्या पॉलिटेक्निकच्या मास्तरांना बरोबर न्यावे. त्यांचे मानधन पाचशे रुपये धरा.

त्या शाळेसाठी मी एक साधी कल्पना सुचवली. 'मोडलेल्या वस्तू' अशी वेगळी वही घालावी. काय मोडले, कोणी उघडले, आत काय दिसले, एवढे तीन रकाने. वर्षाला पाच हजार मी देईन, आणि त्याची पहिली तुकडी म्हणून धनादेशही पाठवला. पत्रात स्पष्ट लिहिले की हे पैसे मार्चअखेर शिल्लक राहता कामा नयेत.

पावती आली. सुवाच्य अक्षर, शिक्का, दोन सह्या. पैसे शाळेच्या कायम निधीत जमा केले असून त्याच्या व्याजातून दरवर्षी विज्ञान विषयात पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्यास माझ्या नावाने बक्षीस देण्यात येईल, असे कळवले आहे. मी दुसरे पत्र लिहायला घेतले आहे.