मुलांची पोटदुखी आणि जठरातला जंतू

"अम्मी, पोटात दुखतंय," असे मुलाने सांगितले की आपल्या घरांत बहुधा दोनपैकी एक गोष्ट होते. शाळेची वेळ असेल तर 'नाटक करतोय' म्हणून ते उडवून लावले जाते, नाहीतर घरातली गॅसची गोळी पुढे केली जाते. कधी कधी तिसरेच घडते. कोणीतरी सुचवले म्हणून रक्त तपासले जाते, 'एच. पायलोरी पॉझिटिव्ह' असा कागद हातात येतो आणि सगळे घर हादरते. म्हणून या जंतूची नीट ओळख करून घेऊ या.

याचे पूर्ण नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. जठरातल्या तीव्र आम्लात जंतू टिकूच शकत नाहीत आणि अल्सर होतो तो तिखट खाण्याने व काळजीने, असेच पूर्वी मानले जाई. १९८२ साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन या डॉक्टरांनी हा जंतू प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. तरी लोकांना पटेना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी तो स्वतःच पिऊन पाहिला आणि काही दिवसांत त्यांच्या जठराला सूज आली. २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा जंतू आपल्याभोवतीचे आम्ल सौम्य करून जठराच्या चिकट थरात वर्षानुवर्षे मुक्काम करतो.

त्याची लागण बहुतेक लहानपणीच होते आणि ती बऱ्याचदा घरातल्याच माणसांकडून होते. आपल्या देशात तो पुष्कळ लोकांच्या पोटात असतो, पण बहुतेकांना त्याचा त्रास कधीच जाणवत नाही. म्हणजे मुलाच्या पोटात जंतू सापडला म्हणून त्याची पोटदुखी त्याच्यामुळेच आहे असे ठरत नाही. बेंबीभोवती अधूनमधून दुखणे, एरवी मूल खेळते-खाते, वजन वाढते, अशा पोटदुखीचे कारण बहुधा दुसरेच असते. बद्धकोष्ठता, जंत, अवेळी खाणे, शाळेची किंवा परीक्षेची धास्ती, हे सारे आधी पाहावे. शिवाय रक्ताच्या तपासणीत दिसतात ती शरीराने जंतूविरुद्ध तयार केलेली प्रतिद्रव्ये. जंतू गेल्यानंतरही ती बराच काळ राहतात. म्हणून मुलांच्या बाबतीत केवळ या कागदावर औषध सुरू करू नये, असे तज्ज्ञ सांगतात.

मग डॉक्टरांकडे घाई कधी करायची? उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखे काही दिसले, शौचाला डांबरासारखी काळी झाली, दुखण्याने मूल रात्री झोपेतून उठू लागले, वजन घटले, उलट्या थांबेनात, घास गिळताना त्रास होऊ लागला, तर वाट पाहू नये. रक्त दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. आईवडिलांपैकी किंवा भावंडांपैकी कोणाला अल्सर किंवा जठराचा कर्करोग झाला असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे. वयात आलेल्या मुलीचे रक्त लोहाच्या गोळ्या नियमित घेऊनही वाढत नसेल, तर आहार, पाळीतला रक्तस्राव, जंत यांबरोबर या जंतूचाही विचार डॉक्टर करतात. 'मुलींना अशक्तपणा असतोच' म्हणून तिला गप्प बसवू नये. गरज पडली तर दुर्बिणीने जठराची तपासणी करतात. तिच्या नावाने घाबरू नये. दुखण्याचे खरे कारण त्यातूनच कळते.

उपचार ठरला तर तो साधारण १४ दिवसांचा असतो. आम्ल कमी करणारे एक औषध आणि सोबत किमान दोन प्रतिजैविके. तोंड कडू होते, मळमळते आणि चार दिवसांत दुखणे थांबले की गोळ्या कपाटात जातात. इथेच खरे नुकसान होते. अर्धवट औषधाने उरलेले जंतू चिवट होतात. क्लॅरिथ्रोमायसिनला दाद न देणाऱ्या या जंतूचा समावेश जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली नव्या औषधांची निकड असलेल्या जंतूंच्या यादीत केला होता. म्हणून एकही मात्रा चुकवू नये. एका मुलाच्या उरलेल्या गोळ्या दुसऱ्याला देऊ नयेत. कोर्स संपल्यावर किमान ४ आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची तपासणी करून जंतू गेल्याची खात्री करावी. बरे वाटले म्हणजे तो गेलाच असे नाही. आम्ल कमी करणारी गोळी या तपासणीआधी किमान २ आठवडे बंद असावी लागते, तेव्हा तारीख डॉक्टरांना विचारूनच ठरवावी.

रमजानमध्ये कोर्स आला तर आपली किशोरवयीन मुले रोजा सोडायला तयार नसतात. त्यांचा हा उत्साह मोलाचा आहे, पण औषधाच्या वेळा सहरी-इफ्तारमध्ये बसतात का हे डॉक्टरांना आधी विचारावे. बसत नसतील तर आजारी माणसाला रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत कुरआननेच दिलेली आहे, हे मुलांना मायेने समजावावे.

आणि घरात काय करायचे? शौचानंतर, स्वयंपाकापूर्वी आणि दस्तरखानावर बसण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत. वुजूमुळे हात दिवसातून अनेकदा धुतले जातात, पण शौचानंतर साबण हवाच. पाण्याची खात्री नसेल तर ते उकळून घ्यावे. नानी-दादीने आपल्या तोंडात चावलेला घास बाळाला भरवू नये. तो स्वच्छ हाताने कुस्करून द्यावा. आणि मुलाने पोटदुखीची तक्रार केली तर गोळी शोधण्याआधी त्याच्याजवळ बसून विचारावे : कुठे दुखते, कधी दुखते, रात्री जाग येते का? डॉक्टरही पहिल्यांदा हेच विचारणार आहेत.