नथीचा भाव कोण ठरवतो?

मोशीच्या आमच्या सोसायटीच्या दारात पहाटे चाकणला जाणारी कंपनीची बस थांबते. पहिल्या पाळीची माणसे डबे सांभाळत तिच्यात चढतात आणि बस नाशिक रस्त्याला लागते. त्यानंतर तासाभराने वरच्या मजल्यावरच्या एका घरात दुसरी पाळी सुरू होते. या पाळीला भोंगा नाही, हजेरीपट नाही. मुलांना शाळेत धाडून घरातली बाई स्वयंपाकघरातल्या टेबलावर पक्कड, पितळी तार, मोती आणि खडे मांडते आणि नथी वळायला बसते. संध्याकाळी त्या नथींचे फोटो मोबाइलवर जातात आणि आठवड्याभरात त्या नाशिकला, नागपूरला, कधी बंगळूरच्या मराठी घरात पोहोचतात.

मागच्या दिवाळीआधी ती माझ्याकडे आली. मी बँकेतून निवृत्त झालो असलो तरी सोसायटीच्या लेखी अजून बँकेचाच माणूस आहे. "काका, मुद्रा कर्ज घेऊ का? एकदम माल भरला तर स्वस्त पडेल." नवऱ्याचे कंत्राट मार्चमध्ये संपणार होते आणि ते पुढे चालू राहील याची खात्री नव्हती. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेच्या 'शिशु' गटात पन्नास हजारांपर्यंतचे कर्ज विनातारण मिळते. तेव्हा प्रश्न साधा होता. सवयीने मी म्हणालो, "आधी वही आण."

वही नीटनेटकी होती. नथ विकली २५० रुपयांना. तार, मोती, खडे मिळून ५५. डबी आणि वेष्टन २०. कुरियर ६०, कारण घरपोच फुकट दिल्याशिवाय गिऱ्हाईक थांबत नाही. उरले ११५. महिन्याला साठ नथी, म्हणजे ६,९०० रुपये. "वाईट नाही," मी म्हणालो. तिचा नवरा रात्रपाळीची झोप काढून नुकताच उठला होता. तो दारात उभा राहून ऐकत होता. तो म्हणाला, "काका, यात सायकल टाइम कुठाय?"

आमच्या या पट्ट्यात हा शब्द लहान मुलालाही ठाऊक असतो. एक नग तयार व्हायला लागणारा वेळ. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, मग साठच्या दशकात टेल्को आणि बजाज आले, पुढे चाकणच्या माळावर मोटारींचे कारखाने आले. या साऱ्या काळात इथल्या माणसांनी घड्याळाशी संसार केला. एका नटाला किती सेकंद लागतात याची मोजणी झाली, त्यावरून उत्पादनाचे आकडे ठरले, करार झाले, संपही झाले. मात्र त्याच कामगाराच्या घरात बायको जे काही करून विकत होती, त्याला कोणी घड्याळ लावले नाही.

आम्ही त्या रात्री लावले. नथ वळायला चाळीस मिनिटे. फोटो आणि बांधाबांध दहा. "मोती खरे का, रंग जाईल का, थोडे कमी करा ना" या संभाषणाला वीस. एका नथीला सत्तर मिनिटे, साठ नथींना सत्तर तास. तासाला शंभराच्या आत मजुरी पडत होती, आणि त्यात पुण्याच्या बोहरी आळीत माल आणायला घालवलेला दिवस धरलाच नव्हता. मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेवरचा तिचा हिशेब याहून वाईट निघाला. तिथे यंत्रावरच्या नथीशी स्पर्धा असल्याने भाव १४९. सामान आणि डबीचे ७५ गेले, कपाती तीसेक रुपयांच्या. पन्नास मिनिटांच्या कामाला ४४ रुपये उरले. एक नथ परत आली की दोन नथींची कमाई बुडे. नवरा नुसता हसला. त्याच्या ओव्हरटाइमच्या एका तासाचे पैसे त्याहून बरेच जास्त होते.

मला मात्र हसू आले नाही. १९९२ साली नाबार्डने बचत गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला आणि पुढच्या वर्षांत आमच्या शाखेतही गटांच्या बायका येऊ लागल्या. पापड, लोणची, शिवणकाम, मण्यांच्या माळा. मी त्यांचे अर्ज भरले. कच्चा माल किती, विक्री किती, हप्ता किती, हे सारे विचारले. "तुमचे तास किती?" हे एकीलाही विचारले नाही. अर्जात तो रकानाच नव्हता आणि मलाही त्याची उणीव भासली नाही. हप्ते वेळेवर येत, म्हणून आम्ही धंदा यशस्वी समजत असू. त्यातले किती हप्ते फुकट गेलेल्या रात्रींतून आले, ते आता कोण सांगणार?

ऑनलाइन विक्रीने या बायकांना खरोखर काही दिले आहे, हे नाकारू नये. पूर्वी दुकानदाराकडे माल ठेवायचा आणि पैशासाठी खेटे घालायचे. नाही तर महापालिकेच्या पवनाथडी जत्रेसारख्या संधीची वर्षभर वाट पाहायची. २०१६ साली यूपीआय आले आणि पैसे थेट तिच्या नावाच्या खात्यात पडू लागले. २०२०च्या टाळेबंदीत कारखाने बंद असताना अनेक घरांना अशाच लहानसहान विक्रीने हात दिला. करातही सवलत मिळाली. ऑनलाइन बाजारपेठेतून विकायचे तर पूर्वी उलाढाल कितीही लहान असली तरी जीएसटी नोंदणी लागे. १ ऑक्टोबर २०२३पासून राज्यातल्या राज्यात विकणाऱ्या लहान विक्रेत्यांना ती सक्ती राहिली नाही. बाजारपेठेवरून राज्याबाहेर माल पाठवायचा म्हटले की मात्र अडसर कायम आहे. नथ बंगळूरला मागवली जाते ती बहुधा मराठी माणसाकडूनच, पण कायद्याला भाषेची सीमा कळत नाही.

पण बाजारपेठ ही परक्याची ओसरी आहे, तिथले नियम मालक ठरवतो. अमेरिकेतली 'एट्सी' २००५ साली हस्तकलेच्या वस्तूंसाठीच निघाली. २०१३मध्ये तिने विक्रेत्यांना बाहेरच्या उत्पादकांकडून माल करून घेण्याची मुभा दिली. एप्रिल २०२२मध्ये व्यवहार शुल्क ५ टक्क्यांवरून ६.५ टक्के झाले, तेव्हा हजारो विक्रेत्यांनी आठवडाभर आपली दुकाने बंद ठेवली. शुल्क काही खाली आले नाही. ब्रुकलिनमध्ये सुरू झालेल्या बाजाराची ही गोष्ट मोशीतल्या बाईलाही लागू पडते.

दुसरी अडचण ओळखीची. 'जय मल्हार' मालिकेतून बानू नथ घरोघरी गेली आणि पाठोपाठ राजकोट-मुंबईच्या कारखान्यांतून तिच्या राशी आल्या. यात चोरी म्हणावी असे काही नाही, कारण नथ, ठुशी, चिंचपेटी हे घाट सर्वांचेच आहेत. नव्या घाटाची नोंदणी २०००च्या डिझाइन कायद्याने करता येते, पण दर महिन्याला बदलणाऱ्या अडीचशेच्या नथीसाठी ते परवडायचे कसे? सोन्याला हॉलमार्क आहे. हातमागाच्या कापडाला २००६पासून स्वतंत्र चिन्ह आहे. मोत्याच्या नथीला तसे सर्वांच्या ओळखीचे चिन्ह नाही. 'हाताने केलेली' हे शब्द कोणीही लिहावेत, फोटोत सगळ्या नथी सारख्याच दिसतात.

मग उपाय काय? तो जुनाच आहे. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले, त्यातून लिज्जत उभी राहिली. त्या संस्थेत बाईच्या कष्टाला 'वणाई' असे नाव आहे आणि लाटलेल्या पापडांप्रमाणे ती मोजून दिली जाते. कष्टाला नाव मिळाले की त्याला भाव मिळतो. भाव आधी ठरला की तो घासाघिशीत सहजी विरघळत नाही. आमच्या बचत गटांनीही एवढे करावे: माल एकत्र आणावा, कुरियरचा दर एकत्र ठरवावा आणि प्रत्येक वस्तूच्या हिशेबात मजुरीची ओळ सर्वांत वर लिहावी. महापालिकेच्या आणि बँकांच्या प्रशिक्षणात फोटो कसा काढावा हे शिकवले जाते. त्याबरोबर घड्याळ कसे लावावे हेही शिकवावे. आणि कर्जाच्या अर्जात तासांचा रकाना असावा, ही एका निवृत्त अधिकाऱ्याची उशिरा सुचलेली सूचना.

राहिलो आपण गिऱ्हाईक. मॉलमध्ये छापील किंमत देताना आपली जीभ उचलत नाही, पण मोबाइलवर एखाद्या ताईला "फायनल किती?" विचारताना आपल्याला काहीच वाटत नाही. त्या दोन शब्दांना उत्तर देण्यातही तिची मिनिटे जातात, आणि ती बिलात येत नाहीत.

तिने कर्ज घेतले नाही. नथीचा भाव ३२० केला, मोठ्या बाजारपेठेवरून माल काढला. भीती होती तसे झाले. साठाच्या चाळीस नथी झाल्या. पण वही उघडली तर ६,९००च्या जागी ७,४०० रुपये होते, आणि महिन्याचे तेवीस तास वाचले होते. मार्चमध्ये नवऱ्याचे कंत्राट फक्त सहा महिन्यांसाठी वाढले. घोर टळलेला नाही, तेवढ्या पैशांत घर चालणारही नाही. मी विचारले, "वाचलेल्या तासांचं काय करतेस?"

"काही नाही काका," ती म्हणाली, "झोपते."

वहीत आता एक नवा रकाना आहे. त्याचे शीर्षक तिने नवऱ्याच्या भाषेत लिहिले आहे: सायकल टाइम.