पंचाची शिटी आणि घरातला वाद



फुटबॉलचा सामना दीड तासात आटोपतो. त्यावरील वाद मात्र रात्रीच्या जेवणापर्यंत पुरतो, आणि सामना दोन जुन्या प्रतिस्पर्ध्यांमधला असेल तर पुढच्या वर्षीच्या सामन्यापर्यंतही. हा वाद कोण चांगले खेळले याविषयी क्वचितच असतो. तो बहुधा पंचाविषयी असतो. त्याने शिटी वाजवावयास हवी होती की नको होती, तो चेंडू हाताला लागला की खांद्याला, तो खेळाडू ऑफसाइड होता की नव्हता, हे प्रश्न पानावर बसलेल्या माणसांचा आमटीभात निववितात.

असा वाद केवळ मोठ्या शहरांत होतो, असे समजण्याचे कारण नाही. जबलपूरनजीकचे बरगी हे नाव नर्मदेवरील धरणामुळे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. तेथे नामांकित संघ नाही की हजारो प्रेक्षकांचे स्टेडियम नाही. तरी सामना पडद्यावर येतो, आणि पडद्याबरोबर वादही येतो. समजा, जबलपूर भागात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या एखाद्या मराठी घरातील थोरला मुलगा बंगळूरला नोकरीस आहे आणि सून केरळची आहे. त्या घरात ३ मार्च २०२३ ची रात्र कशी गेली असेल, याची कल्पना करून पाहावी.

त्या रात्री बंगळूरच्या श्रीकांतीरवा स्टेडियममध्ये बेंगळुरू एफ.सी. आणि केरळ ब्लास्टर्स यांच्यात इंडियन सुपर लीगचा बाद फेरीचा सामना होता. नव्वद मिनिटांत गोल झाला नाही. जादा वेळेत बेंगळुरूला फ्री किक मिळाली. केरळचा गोलरक्षक आपल्या खेळाडूंची भिंत उभी करीत होता, तोच सुनील छेत्री याने चेंडू थेट जाळ्यात धाडला. पंच क्रिस्टल जॉन यांनी गोल दिला. केरळचे प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांनी संतापून आपला संघच मैदानाबाहेर नेला, आणि तो परतला नाही. सामना बेंगळुरूचा झाला. पुढे भारतीय फुटबॉल महासंघाने केरळच्या क्लबला चार कोटी रुपये दंड केला व प्रशिक्षकांवर दहा सामन्यांची बंदी घातली.

आता नियम काय आहे, ते पाहू. फ्री किक मिळालेल्या संघाने प्रतिस्पर्ध्यांना नऊ मीटर पंधरा सेंटिमीटर दूर हटविण्याची मागणी केली नाही, तर त्याने शिटीची वाट न पाहता चेंडू मारावा, यास मुभा आहे. पंच एकदा अंतर मोजून भिंत मागे सारू लागला, म्हणजे मात्र शिटी होईतो थांबावे लागते. तेव्हा सगळा प्रश्न एवढाच उरतो, की त्या काही सेकंदांत पंच अंतर मोजण्याच्या कामास लागले होते की नाही. बंगळूरचा मुलगा म्हणणार, “नव्हते.” सून म्हणणार, “होते.” दोघांनी एकच चित्रफीत दहा वेळा पाहिलेली असणार, आणि दोघेही प्रामाणिक असणार. मला या प्रकरणात सर्वांत विचार करण्याजोगी वाटते ती ही शेवटची गोष्ट.

याविषयी अमेरिकेत झालेला एक जुना अभ्यास प्रसिद्ध आहे. खेळ तिकडचा, म्हणजे अंडाकृती चेंडूचा अमेरिकन फुटबॉल. पण प्रेक्षक आपल्यासारखेच. २३ नोव्हेंबर १९५१ रोजी डार्टमथ आणि प्रिन्स्टन या दोन विद्यालयांच्या संघांत सामना झाला. खेळ फार दांडगाईचा झाला. प्रिन्स्टनच्या प्रमुख खेळाडूचे नाक फुटले, डार्टमथच्या एका खेळाडूचा पाय मोडला, आणि दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रांत आरोपांची फैर झडू लागली. तेव्हा हॅस्टॉर्फ व कँट्रिल या दोन मानसशास्त्रज्ञांनी सामन्याची फिल्म दोन्ही विद्यालयांतील विद्यार्थ्यांना दाखविली आणि प्रत्येक संघाचे नियमभंग मोजावयास सांगितले. फिल्म एकच. तरी प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना डार्टमथच्या संघाचे जितके नियमभंग दिसले, त्यांच्या निम्मेही खुद्द डार्टमथच्या विद्यार्थ्यांना दिसले नाहीत. या अभ्यासाचा निबंध १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या दोघांचे म्हणणे असे, की प्रेक्षक एकच सामना पाहून त्याविषयी निरनिराळी मते बनवितात, हे खरे नव्हे. ते मुळातच निरनिराळे सामने पाहतात.

म्हणजे खोटे कोणीच बोलत नसते. दुसरा खोटे बोलतो आहे, असे मात्र प्रत्येकाला वाटते, आणि कलह तेथून सुरू होतो.

आपल्या मराठी मुलखात हा अनुभव कोल्हापूरइतका अन्यत्र क्वचितच येत असेल. तेथील फुटबॉल हा तालमींचा आणि पेठांचा फुटबॉल आहे. पाटाकडील तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब ही नावे तेथल्या पोरासोरांच्या तोंडी असतात. कुस्तीच्या हौद्यांतून जी ईर्षा वाढली, तीच शाहू स्टेडियमवर हिरवळीत उतरली, असे म्हणावयास हरकत नाही. मनुष्य जन्मतो त्या गल्लीचा संघ त्याचा. तो संघ निवडावा लागत नाही, आणि सोडताही येत नाही. याच मातीतून अनिकेत जाधव २०१७ मध्ये भारतात भरलेल्या सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकात देशातर्फे खेळला, हे या ईर्षेचे चांगले फळ. दुसरे फळही आहे. पंचाच्या एखाद्या निर्णयावरून गॅलरीत उठलेली हुल्लड, मैदानात आलेल्या बाटल्या, सामन्यानंतर रस्त्यावर झालेली दगडफेक, यांच्या बातम्या कोल्हापूरकरांनी एकाहून अधिक हंगामांत वाचल्या आहेत. दोन्ही बाजूंची मुले एकाच महाविद्यालयात शिकतात आणि एकाच मंडईत भाजी आणावयास जातात. पुष्कळदा ती एकमेकांची आतेमामे भावंडेही असतात.

पंचाला आपण जे दोष देतो, त्यांपैकी निम्मे तरी ऑफसाइडचे असतात. म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. घरातील ज्या मंडळींना हा नियम कोणी नीट समजावून सांगितला नाही, त्यांनाही उपयोग होईल. प्रतिस्पर्ध्याच्या बाजूस असलेला आक्रमक खेळाडू चेंडूच्याही पुढे आणि शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याच्याही पुढे असेल, तर तो ऑफसाइडच्या जागी असतो. शेवटचा प्रतिस्पर्धी बहुधा गोलरक्षकच असतो, त्यामुळे व्यवहारात शेवटचा बचावपटू पाहावयाचा. पण तो केव्हा पाहावयाचा? चेंडू आक्रमकाकडे पोचतो तेव्हा नव्हे, तर त्याच्या सोबत्याने चेंडू मारला त्या क्षणी. चेंडू हवेत असताना धावणारा पाच पावले पुढे गेलेला असतो, आणि प्रेक्षकांची दृष्टी जाते ती नेमकी तेव्हा. “अहो, एवढा पुढे होता!” हा ओरडा बहुतेक वेळा त्या पाच पावलांचा असतो.

बाजूच्या रेषेवर धावणाऱ्या सहायक पंचाला मात्र एकाच क्षणी दोन ठिकाणी पाहावे लागते, एक डोळा चेंडू मारणाऱ्याकडे आणि दुसरा शेवटच्या बचावपटूकडे. त्यातून तो स्वतः त्या बचावपटूच्या अगदी रेषेत उभा असावा लागतो. तो एक-दीड पाऊल जरी पुढे सरकला, तरी पलीकडचा खेळाडू त्याला भलत्या जागी दिसतो. चालत्या आगगाडीतून जवळचा खांब आणि दूरचे झाड यांच्या जागा बदलताना आपण पाहतो, तसाच हा प्रकार. डच संशोधकांनी २००० मध्ये ‘नेचर’ या विज्ञानविषयक नियतकालिकात दाखवून दिले, की सहायक पंचांच्या ऑफसाइडच्या चुकांचे मोठे कारण हे उभे राहण्याच्या जागेत आहे. चूक होते खरी. ती पक्षपातामुळेच होते, असे नव्हे.

पक्षपात मुळीच नसतो, असेही मी म्हणणार नाही. पंच हा मनुष्य आहे, आणि वीस हजार कंठ एकदम ओरडले की त्याच्या मनावर परिणाम होतो. इंग्लंडमध्ये पंचांच्या दोन गटांना त्याच चित्रफिती दाखविल्या, एका गटाला आवाजासह व दुसऱ्याला आवाजाविना. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध कमी फाउल दिले. हा अभ्यास २००२ चा. तेव्हा गॅलरीतून ओरडणारा प्रेक्षक जेव्हा तक्रार करतो, की पंच दबावाला बळी पडला, तेव्हा तो दबाव कोणी आणला, हेही त्याला विचारता येईल.

यंत्रे आली म्हणजे वाद मिटतील, अशी आशा होती. ३० जुलै १९६६ रोजी वेम्बली येथे इंग्लंडच्या जेफ हर्स्टचा फटका आडव्या दांड्याला लागून खाली आला. चेंडू रेषेच्या आत पडला की रेषेवर, याविषयी जर्मन आणि इंग्रज यांचे अद्याप एकमत नाही. गोल झाल्याचे सांगणारे लाइन्समन तोफिक बहरामोव हे अझरबैजानचे. जर्मनीत ज्यांच्या निर्णयाने लोक हळहळले, त्यांचे नाव त्यांच्या मायदेशी बाकू शहरातील स्टेडियमला दिलेले आहे. २०१४ च्या विश्वचषकात चेंडूने रेषा ओलांडली की नाही ते सांगणारे यंत्र आले. २०१८ मध्ये चित्रफीत पाहून पंचाला साहाय्य करणारा दुसरा पंच आला. रेषेचा प्रश्न यंत्राने खरोखर सोडविला. हात जाणूनबुजून लावला का, धक्का पडण्याइतका होता का, हे प्रश्न यंत्राला सुटत नाहीत. ते पुन्हा माणसाकडेच येतात, आणि वाद होताच.

उलट यंत्र नसले की काय होते, ते आपण ११ जून २०२४ रोजी सोसले. विश्वचषकाच्या पात्रता फेरीत दोहा येथे छांगतेच्या गोलाने भारत कतारविरुद्ध पुढे होता. चेंडू गोलच्या बाजूने सीमारेषेबाहेर गेला, तेथून तो आत ओढला गेला आणि कतारचा गोल झाला. पंचांनी तो मान्य केला. भारत २–१ असा हरला आणि पुढच्या फेरीची वाट बंद झाली. त्या रात्रीचा राग रास्त होता. महासंघाने रीतसर तक्रार केली. यापलीकडे करता येण्याजोगे काही नव्हते, कारण खेळातील घटनांविषयी पंचाचा निर्णय अंतिम, असे नियमच सांगतो. हा नियम पंच चुकत नाही म्हणून केलेला नाही. तो चुकतो हे धरूनच केलेला आहे, नाही तर कोणताही सामना संपलाच नसता.

न संपणाऱ्या वादाची किंमत काय असते, याची दोन उदाहरणे आहेत. २४ मे १९६४ रोजी पेरू देशात लिमा येथे पेरू-आर्जेंटिना सामन्यात पंचांनी पेरूचा बरोबरीचा गोल नाकारला. प्रेक्षक मैदानात घुसले, पोलिसांनी अश्रुधूर सोडला, लोक जिन्यांकडे धावले आणि खालचे दरवाजे बंद होते. तीनशेहून अधिक माणसे चेंगरून व गुदमरून मेली. दुसरे उदाहरण आपल्याच देशातले. १६ ऑगस्ट १९८० रोजी कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान व ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात दोन खेळाडूंची झटापट झाली, तिचे लोण प्रेक्षागारात पोचले आणि सोळा माणसे घरी परतली नाहीत. सामना पाहून येतो, असे सांगूनच ती बाहेर पडली असतील. बंगालमध्ये १६ ऑगस्टला त्यांच्या स्मरणार्थ रक्तदान होते. त्या रक्ताला क्लब नसतो.

आता बरगीसारख्या गावाकडे वळू. तेथे दोन गावांच्या पोरांचा सामना ठरला, म्हणजे पंच कोण होतो? बहुधा शाळेतले गुरुजी, किंवा पूर्वी खेळलेला एखादा मनुष्य. त्याला सहायक नसतो, चित्रफीत नसते, मानधनही नसते. रेषा चुन्याची असली तर नशीब. त्याने एक पेनल्टी दिली, की दुसऱ्या दिवशी वाण्याच्या दुकानात त्याला चार गोष्टी ऐकून घ्याव्या लागतात, आणि त्याच्याकडून बोलणी खाणारा विद्यार्थी घरी बाबांना सांगतो, “गुरुजी त्यांना सामील होते.” येथे आईवडील काय उत्तर देतात, याला फार महत्त्व आहे. “असतील” एवढे जरी म्हटले, तरी मुलगा पुढच्या सामन्यात गुरुजींच्या अंगावर धावून जाण्यास मोकळा झाला. “तू कोठे उभा होतास? गुरुजी कोठे होते? चेंडू मारला तेव्हा की पोचला तेव्हा?” असे तीन प्रश्न विचारले, तर वाद बंद होत नाही. तो चांगला रंगतो, आणि बहिणीलाही त्यात भाग घेता येतो.

बहिणीचा उल्लेख सहज केलेला नाही. गोव्याच्या उवेना फर्नांडिस यांनी २०१६ मध्ये जॉर्डन येथे झालेल्या सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात सहायक पंचाचे काम केले. १ डिसेंबर २०२२ रोजी कोस्टारिका-जर्मनी या पुरुषांच्या विश्वचषक सामन्यात स्तेफानी फ्रापार या फ्रेंच बाई मुख्य पंच होत्या. घरात जी मुलगी भावांच्या भांडणात “थांबा, आधी काय झाले ते सांगा,” असे म्हणते, तिच्या अंगी हा गुण असतोच.

फुटबॉलचे नियम सगळे मिळून सतरा आहेत, आणि नियमांचे पुस्तक संगणकावर विनामूल्य वाचावयास मिळते. त्यांतील पाचवा पंचाविषयी, अकरावा ऑफसाइडविषयी आणि बारावा फाउलविषयी आहे. पुढच्या मोठ्या सामन्याआधी हे तीन घरात कोणीतरी मोठ्याने वाचावेत. सामना चालू असता एकाने दोन्ही संघांचे फाउल कागदावर टिपावेत, दुसऱ्याने स्वतंत्रपणे टिपावेत, आणि टिपणारे परस्परविरुद्ध संघांचे असावेत. शेवटी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहावेत. प्रिन्स्टन आणि डार्टमथ येथे जे झाले तेच आपल्या दिवाणखान्यात झालेले आढळेल, अशी माझी अटकळ आहे. काही निराळे आढळले, तर आम्हांस अवश्य कळवावे.