शाळेपर्यंतचे अंतर आणि मुलांचे पाय

दरवर्षी जूनच्या मध्यावर राज्यातल्या शाळा उघडतात, विदर्भात त्या आणखी काही दिवसांनी सुरू होतात. त्या आठवड्यात एसटीच्या आगारांमध्ये पासांची गडबड असते. २०२४ पासून हे पास थेट शाळेतच देण्याची व्यवस्था महामंडळाने सुरू केली. त्यामुळे पासासाठी तालुक्याच्या गावी जाऊन रांगेत उभे राहण्याचा निम्मा दिवस वाचला. शहरांत याच सुमाराला स्कूल बसचे वाढलेले दर आणि रिक्षात कोंबलेली मुले यांच्या बातम्या येतात. या दोन्ही गोष्टींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. मुलाला शाळेपर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी कुणाची, आणि ती किती अंतरापासून सुरू होते?

कायद्याचे उत्तर किलोमीटरमध्ये आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी शाळा चालत जाण्याच्या एक किलोमीटर अंतरात हवी आणि सहावी ते आठवीच्या मुलांसाठी तीन किलोमीटरच्या आत. वस्ती लहान असल्याने तेवढ्या अंतरात शाळा देता येत नसेल, तर सरकारने मोफत वाहतुकीची किंवा निवासाची सोय करायची. म्हणजे पाचवीपर्यंतचे मूल एक किलोमीटरच्या पलीकडून येत असेल आणि जवळ दुसरी शाळा नसेल, तर प्रवासाची सोय हा त्याचा हक्क ठरतो. ही सोय गाडीच्या रूपाने मिळावी असे बंधन नाही. बहुतेक ठिकाणी ती समग्र शिक्षा अभियानातून मिळणाऱ्या प्रवासभत्त्याच्या रूपाने येते. त्याची कमाल मर्यादा वर्षाला प्रति विद्यार्थी सहा हजार रुपये आहे. शाळेचे कामकाजाचे दिवस सव्वादोनशे धरले, तर दिवसाला सत्तावीस रुपयांच्या आत जाणे आणि येणे दोन्ही बसवावे लागते. वस्तीवर चार-पाचच मुले असतील, तर एवढ्या पैशांत रोज गाडी आणायला कुणी तयार होत नाही.

एक आणि तीन हे आकडे शाळा कुठे काढायची हे ठरवताना सोयीचे आहेत. मुलाच्या शरीराच्या बाजूने पाहिले, तर ते वेगळे दिसतात.

सात-आठ वर्षांचे मूल एक किलोमीटर साधारण पंधरा-वीस मिनिटांत चालते. त्यात वाईट काही नाही. पाच ते सतरा वयोगटातल्या मुलांनी दिवसाला सरासरी साठ मिनिटे अंगमेहनतीची हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. जाऊन-येऊन दोन किलोमीटर चालले, की त्यातला निम्मा वाटा शाळेच्या वाटेवरच पुरा होतो. शहरातली जी मुले लिफ्टमधून थेट बसमध्ये आणि बसमधून थेट वर्गात जातात, त्यांच्या डॉक्टरांनी ही वाट आनंदाने लिहून दिली असती.

तीन किलोमीटरचा हिशेब वेगळा आहे. सातवीतले मूल रोज सहा किलोमीटर चालते, पाठीवर दप्तर असते. पस्तीस किलो वजनाच्या मुलाला एवढ्या चालण्यासाठी ढोबळमानाने दोनशे किलोकॅलरींच्या आसपास ऊर्जा लागते. शालेय पोषण आहारात सहावी ते आठवीच्या मुलाला दिवसाला सातशे किलोकॅलरी मिळाव्यात, असे प्रमाण आहे. म्हणजे दुपारच्या खिचडीतल्या चौथ्या हिश्श्याहून थोडे जास्त वाटेवरच खर्च होते. घरून पोटभर खाऊन निघालेल्या मुलाला हे जाणवणार नाही. पहाटे ऊसतोडीला किंवा मजुरीला गेलेल्या घरातून चहा-बिस्किटावर निघालेल्या मुलाला पहिल्या तासालाच जाणवते. दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत असावे, असे २०२० चे केंद्राचे दप्तर धोरण सांगते. या मुलासाठी ते साडेतीन किलो होते. वर्गापर्यंत जिना चढताना साडेतीन किलो पेलणे आणि पाऊण तास रस्ता तुडवताना पेलणे यातला फरक त्या टक्केवारीत कुठे दिसत नाही.

उन्हाचेही तसेच. मुलांच्या शरीराचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने मोठा असतो आणि त्यांना घाम मोठ्यांपेक्षा कमी येतो. हवा त्वचेपेक्षा तापली, की मूल बाहेरची उष्णता मोठ्या माणसापेक्षा लवकर ओढून घेते. मार्च-एप्रिलमध्ये मराठवाड्यात आणि विदर्भात शाळा सकाळच्या करतात ते यासाठीच. पण सकाळची शाळा सुटते, तेव्हा ऊन डोक्यावर आलेले असते आणि परतीचे तीन किलोमीटर त्याच उन्हात कापायचे असतात.

रस्ता ओलांडण्याबद्दल तर संशोधनच आहे. लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयातल्या शास्त्रज्ञांनी प्राथमिक शाळेतल्या मुलांची चाचणी घेतली होती. ताशी सुमारे बत्तीस किलोमीटरपेक्षा वेगाने येणारे वाहन आपल्याकडे येते आहे, हे या मुलांना वेळेत नीट ओळखता येत नाही, असे त्यात आढळले. डोळ्यांवर पडणारी प्रतिमा किती झपाट्याने मोठी होते, यावरून मेंदू वेग ओळखतो आणि ही क्षमता वयानुसार पक्की होत जाते. मूल बेफिकीर असते असे नाही, त्याला ती गाडी खरोखरच उभी असल्यासारखी वाटू शकते. राज्यात अनेक गावांच्या मधून आता चौपदरी रस्ते गेले आहेत. वस्ती रस्त्याच्या एका अंगाला, शाळा दुसऱ्या. अंतर चारशे मीटर भरते, त्यामुळे नियमाप्रमाणे ते मूल कोणत्याही सोयीला पात्र ठरत नाही.

नियम करणाऱ्यांना हे अगदीच सुचले नव्हते असे नाही. डोंगर, पूर, दरडी, रस्ता नसणे असे धोके असतील, तर अंतराची मर्यादा कमी करून शाळा द्यावी, अशी तरतूद त्याच नियमांत आहे. ती फारशी वापरली जात नाही, इतकेच. २०२२ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने सातारा जिल्ह्यातल्या खिरखंडीची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा ही गोष्ट राज्याला कळली. कोयनेच्या फुगवट्याकाठच्या त्या गावातल्या मुली स्वतः होडी वल्हवून पाणी ओलांडत आणि पुढे जंगलातून चालत शाळा गाठत होत्या.

अंतराचा हा वाद येत्या काळात वाढणार आहे. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांच्या जागी समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव शिक्षण विभागाने सप्टेंबर २०२३ मध्ये मागवले. अशा शाळांची संख्या तेव्हा १४,७८३ सांगितली गेली आणि त्यांत पावणेदोन लाखांहून अधिक मुले होती. तोरणमाळ आणि पानशेत इथले प्रयोग नमुना म्हणून पुढे केले गेले. मोठ्या शाळेत प्रत्येक वर्गाला शिक्षक, मैदान, प्रयोगशाळा मिळते, हा युक्तिवाद चुकीचा नाही. दोन शिक्षक आणि चार इयत्ता अशी शाळा ज्यांनी पाहिली आहे, ते तो सहज नाकारणार नाहीत. पण या सगळ्या मांडणीचा भार बसवर होता. बस एक दिवस आली नाही, तर जुन्या शाळेत उशिरा का होईना पोहोचणारे मूल त्या दिवशी घरीच राहते. ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात एसटीचा संप चालला, तेव्हा करोनानंतर उघडलेल्या शाळा गाठणे ग्रामीण मुलांना किती कठीण गेले, हे सगळ्यांनी पाहिले होते. विरोध वाढल्यावर शाळा बंद होणार नाहीत, असे सरकारने सांगितले. पट मात्र घटतोच आहे, त्यामुळे प्रस्ताव आज ना उद्या परत येईल.

शहरी मुलांची वाहतूक दुसऱ्याच कायद्याखाली येते. १८ नोव्हेंबर १९९७ रोजी दिल्लीत वजिराबाद पुलावरून शाळेची बस यमुनेत कोसळली आणि २८ मुले गेली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने पिवळा रंग, वेगनियंत्रक, प्रथमोपचार पेटी, खिडक्यांना आडव्या पट्ट्या, अग्निशामक, सोबत मदतनीस आणि अवजड वाहनाचा किमान पाच वर्षांचा अनुभव असलेला चालक या अटी घातल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये स्वतःचे स्कूल बस नियम केले. त्यांत प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी, मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष असावेत आणि पालक, वाहतूक पोलीस व परिवहन विभागाचे प्रतिनिधी सदस्य असावेत, असे आहे. कागदावर ही समिती चांगली आहे. पाल्याच्या शाळेत अशी समिती आहे का, असे दहा पालकांना विचारले, तर आठ जण एकमेकांकडे बघतील.

हे नियम शाळेच्या पिवळ्या बसला लागू आहेत. गावातली मुले ज्या लाल परीने किंवा सहा आसनी रिक्षाने जातात, तिथे मदतनीस नसतो आणि दारात उभे राहणाऱ्या मुलांची मोजणीही होत नाही. थोडक्यात, ग्रामीण मुलाला प्रवासाचा हक्क आहे पण सुरक्षेचे नियम नाहीत. शहरी मुलाला सुरक्षेचे नियम आहेत, पण हक्क नाही, त्याला ती सेवा विकत घ्यावी लागते. पंचवीस टक्के राखीव जागांवर खासगी शाळेत गेलेल्या मुलाचे शुल्क माफ असते, बसचे पैसे मात्र बहुतेक ठिकाणी आईवडीलच भरतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने नियम बदलून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला या राखीव जागांतून सूट दिली होती. त्याच एका किलोमीटरचा हा उलटा वापर होता. १९ जुलै २०२४ रोजी उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला.

बसमध्ये बसल्यावरही आरोग्याचा प्रश्न सुटत नाही. २००१ मध्ये कॅलिफोर्नियात झालेल्या एका अभ्यासात जुन्या डिझेल स्कूल बसच्या आत धुराचे प्रमाण पुढे चाललेल्या मोटारीतल्यापेक्षा चौपटीपर्यंत आढळले. खिडक्या बंद असताना आणि मागच्या आसनांवर ते जास्त होते. आपल्याकडे एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांना कणांची गाळणी आहे, पण त्याआधीच्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत. शाळा सुटताना फाटकासमोर इंजिन चालू ठेवून उभ्या राहणाऱ्या बसगाड्यांची रांग हा यातला सर्वांत स्वस्तात सुटणारा भाग आहे. त्यासाठी फक्त किल्ली फिरवावी लागते.

झोपेचेही गणित बसच ठरवते. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा आदेश शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढला. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप लागते, हे त्यामागचे शास्त्र. विरोध झाला, त्यात बसचालकांच्या संघटना पुढे होत्या. एकच बस आधी मोठ्यांना आणि मग छोट्यांना सोडते, वेळा सरकल्या की तिच्या फेऱ्या गर्दीच्या वेळेत अडकतात, हे त्यांचे म्हणणे खरेच होते. पण मार्गावरच्या पहिल्या थांब्यावरचे मूल शेवटच्या थांब्यावरच्या मुलापेक्षा रोज तासभर आधी उठते, याची नोंद कोणत्याही आदेशात नाही.

अपंग मुलांबाबत कायदा अधिक स्पष्ट आहे. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यानुसार सरकारी अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळांनी या मुलांच्या वाहतुकीची सोय करायची आहे. ज्यांना जास्त आधार लागतो त्यांच्या सोबतच्या व्यक्तीचीही. इथे किलोमीटरची अट नाही. तरी पायरी एवढी उंच असलेल्या बस, की धडधाकट मुलालाही दांडा धरून चढावे लागते, याच सगळीकडे दिसतात.

सर्वांत मोठी फट आठवीनंतर आहे. शिक्षण हक्क कायदा चौदाव्या वर्षी थांबतो आणि बहुतेक गावांतली शाळाही सातवी-आठवीलाच संपते. मुलींना एसटीचा प्रवास अहिल्याबाई होळकर योजनेतून बारावीपर्यंत मोफत आहे. मुलांना तिकिटाच्या एक तृतीयांश रकमेत पास मिळतो. मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बस मागास तालुक्यांत मुलींसाठीच धावतात. गाव सोडून शिकण्याची वेळ येते, तेव्हाच मुलींचे शिक्षण तुटते, आणि वाहन मिळाले की ते टिकते, याचा पुरावा बिहारने दिला आहे. तिथे २००६ पासून नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे दिले गेले. अर्थतज्ज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांनी त्याचा अभ्यास केला. योग्य वयात माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले आणि मुलगे-मुलींमधली दरी ४० टक्क्यांनी घटली. फरक मुख्यतः तीन किलोमीटरच्या पलीकडे राहणाऱ्या मुलींमध्ये दिसला.

सायकल मुलीच्या वेळेने निघते, एसटी वेळापत्रकाने. शाळा पाचला सुटते आणि गावाकडची गाडी पावणेपाचला गेलेली असते किंवा थेट सातची असते, तेव्हा पास मोफत असूनही काही घरे मुलीला पाठवेनाशी होतात. फेरीची वेळ बदलायला कायदा लागत नाही. शाळेने विद्यार्थ्यांच्या संख्येसह आगार व्यवस्थापकाला पत्र द्यायचे असते, आणि त्यासाठी योग्य महिना जूनच आहे.