घरात कोणी नसतं?

आमच्या इंदूरच्या घरावर तीन किलोवॅटचं सोलर आहे. भर उन्हाळ्यात दिवसाला दहा-बारा युनिट वीज होते. दुपारी घरात कोणी नसतं, म्हणून उरलेली ग्रिडला जाते. बाबा म्हणतात, "जाऊ दे, बिलात वळती होते."

पण त्याच वेळी वरच्या खोलीत आजी ओला पंचा डोक्यावर घेऊन बसलेली असते. तिला आम्ही मोजलंच नव्हतं!

दीड टनाचा एसी तासाला साधारण दीड युनिट खातो. बारा ते तीन चालवला तरी साडेचार युनिट; तेवढी वीज छतावरच असते. रात्रीच्या एसीला मात्र ग्रिडचीच, बहुतेक कोळशाची वीज लागते.

म्हणून माझं मत: ऊन आहे तोवर एसी आजीचा, ऊन उतरलं की सगळ्यांना पंखा. बिल थोडं वाढेल, वाढू दे.